शब्दाला सहा हेलर

त्या रविवारी ब्लाझेनाच्या टेबलावर
आधी गायीची तार आली होती.
"गाय लंगडी आहे. सौदा मोडा. पैसे देऊ नका. पत्र मागाहून."
दहा शब्द, साठ हेलर. दलाल पक्का हिशेबी.
बहिणीच्या नवऱ्याच्या नावाची तार,
पुढच्या गावाला धाडायला
तिने बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात
यंत्र आपणहून कडकडायला लागलं :
सरकारी. बाकी सगळं थांबवा.

बाहेर फलाटावर बॅण्ड वाजत होता,
बंबवाल्यांची सहल निघायची होती.
व्हेंडेलिन, तिचा भाचा, दुधाच्या कॅनवर बसून
चेरी खात होता
आणि नेम धरून बिया रुळांवर थुंकत होता.

कागदाच्या पट्टीवर टिंब, रेघ, टिंब.
दक्षिणेतलं शहर. उघडी मोटार. कोणीतरी पोरगा.
गादीचा वारस गेला, बायकोही गेली.
स्टेशनमास्तरांनी टोपी काढली,
मग माणूस पाठवून बॅण्ड बंद करायला लावला.
ढोलवाल्याला ते ऐकूच गेलं नाही,
तो एकटा आणखी थोडा वेळ वाजवत राहिला.

गायीची तार संध्याकाळी पोचली.
तोवर गाय गोठ्यात बांधून झाली होती.

नंतरच्या लोकांनी लिहिलं, ठिणगी पडली.
ब्लाझेनाने ठिणगी पाहिली नाही.
तिने पाहिला जुलै, नेहमीसारखा लांबलचक,
गवत कापलेलं,
मंत्री गरम झऱ्यांच्या गावी हवापालटाला गेलेले,
आणि रात्री तारा, नुसत्या आकड्यांच्या,
पाच-पाचच्या गटांत.
अर्थ तिला कळायचा नाही. मोजायची फक्त.

"राजधानीत त्यांच्यासाठी रडलं कोण?"
स्टेशनमास्तर दबल्या आवाजात म्हणाले,
आणि दार लागलंय ना, ते पाहून आले.

आपल्याकडे म्हणतात, मरणाला निमित्त लागतं.
तिथे उलटं झालं.
निमित्ताला मरण हवं होतं, ते मिळालं.

एका राज्याने दुसऱ्याला अठ्ठेचाळीस तास दिले.
दुसऱ्याचा पाठीराखा बाह्या सारून उठला,
त्याला पाहून पहिल्याचा,
मग ज्यांचा काही संबंध नव्हता तेही,
दिलेल्या शब्दाखातर.
शब्दाचा दर तेव्हाही सहा हेलरच होता.

कुलपातलं एक वेळापत्रक बाहेर निघालं.
किती वर्षांपूर्वीचं कोण जाणे,
पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
त्यात तिच्या स्टेशनचं नाव आधीपासून होतं :
दर बावीस मिनिटांनी गाडी,
डब्यात चाळीस माणसं किंवा सहा घोडे.
त्या पोराच्या हाती पिस्तूल यायच्या आधीच
कोणीतरी चष्मा पुसून, बसून
ही मिनिटं लावली होती.

"आता हे थांबवता नाही का येणार?" तिने विचारलं.
"मागची गाडी सुटलीय," स्टेशनमास्तर म्हणाले,
आणि त्यांनी हिरवं निशाण दाखवलं.
बॅण्ड तोच होता. ढोलवाला मात्र डब्यात.
व्हेंडेलिनने खिडकीतून काहीतरी ओरडून सांगितलं,
ते वाफेत गेलं. कॅनबद्दल असावं.

सप्टेंबरात लष्कराची माणसं जनावरं न्यायला आली.
घोडे नेले, बैल नेले, दुभती नेली.
एकीला चार पावलं चालवून पाहिली
आणि वहीत तिच्या नावापुढे काट मारली.

सरकारी तारेला पैसे पडत नाहीत.
तरी ऑक्टोबरात तिने मोजले.
नाव, पलटण, नदी, तारीख धरून
चौदा शब्द.
पट्टी फाडली, कोट चढवला,
तारवाल्या पोराला हाक मारली नाही, स्वतःच निघाली.

बहीण गोठ्यात होती.
अख्ख्या गावात उरलेलं ते जनावर
तीन पायांवर भार टाकून उभं,
आणि बादलीत धारेचा आवाज.
धार काढून होईपर्यंत
ब्लाझेना दारात थांबली.